मतलई

मोरजीत थंडी पडते, हे बाहेरच्या माणसाला पटवून देणे कठीण. शेकोटी पेटवावी, हात शेकावेत, बोलताना तोंडातून वाफ निघावी, असले काही इथे होत नाही. पुण्याकडचे आमचे पाहुणे डिसेंबरात स्वेटर घेऊन येतात आणि घडी न मोडता परत नेतात. तरी थंडी असते. ती पहाटे विहिरीच्या पाण्यावर तरंगणाऱ्या वाफेत असते, सारवलेल्या अंगणात उघडे पाऊल टाकले की तळव्याला लागते, अळसांद्याच्या पानांवर दंव होऊन बसते. ती येते तेव्हा सगळ्यांना कळते, कारण त्या दिवशी घरातले कुणीतरी पहिल्यांदा गोधडी मागते. पण ती जाते कधी, हे फारसे कुणी पाहत नाही. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असे आमची आई सांगे. सांगणारे पुष्कळ; जाताना पाहिलेले कमी.

गेल्या माघात मी ती जाताना पाहिली असे म्हटले तर ती बढाई होईल. पण तिची पावले मला वाटेवर कुठे कुठे दिसली, एवढे म्हणायला हरकत नाही. निमित्त डॉक्टरांचे. दिवाळीनंतर रक्त तपासले त्यात साखर निघाली. रोज पाऊण तास चाला, आणि तेही भरभर, असा त्यांचा हुकूम. आता मुख्याध्यापकाने संध्याकाळी गावात चालायचे म्हणजे काय होते ते मुख्याध्यापकांनाच ठाऊक. दर दहा पावलांवर एक पालक भेटतो. कुणाला दाखल्यावरची जन्मतारीख दुरुस्त करून हवी असते, कुणाचा मुलगा मोबाईल सोडत नसतो. पाऊण तासात मी देवळापर्यंतही पोहोचत नसे. म्हणून पहाट धरली. मोरजीत येऊन तीस वर्षे होऊन गेली होती, आणि इतक्या वर्षांत इथली पहाट मी खिडकीतूनच काय ती पाहिलेली.

मी मूळचा डिचोली तालुक्यातला. १९९४ साली नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा शिवोलीला पूल नव्हता. म्हापशाहून बसने शिवोलीला यायचे, फेरीत बसायचे, पलीकडे चोपडेला उतरायचे. ट्रंक, वळकटी आणि एम.ए.ची पुस्तके घेऊन मी त्या फेरीत उभा होतो, ते अजून आठवते. आमच्या डिचोलीकडे समुद्र नाही. तिथे डोंगर, काजूच्या बागा आणि खाणी. तिथला हिवाळा म्हणजे लाल धूळ. पाऊस थांबला की खाणीचे ट्रक सुरू होत आणि माघापर्यंत रस्त्याकडेच्या काजूचे पान न् पान विटकरी होऊन जाई. २०१२ साली खाणी बंद पडल्या त्या वर्षी गावी गेलो, तर काजूचे पान मूळचे केवढे हिरवे असते हे पहिल्यांदा दिसले. घरोघर मात्र ट्रक उभे आणि माणसे बसलेली. तेव्हा त्या हिरव्या पानाचे कौतुक कुणापुढे करायचे? असो.

सांगायचे ते हे की काजू माझ्या माहितीचा. मोहोर कधी येतो, बी आधी धरते आणि बोंडू मागाहून फुगतो, कोवळ्या बिब्ब्याचा चीक बोटाला लागला तर कातडे कसे सोलते, हे मला कुणी शिकवायला नको. समुद्र मला नवा होता. इथे आल्यावर मी त्याच्याकडे जात असे ते संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, सूर्यास्त पाहायला. सगळेच तेव्हा जातात.

त्या दिवशी रविवार होता. शिवरात्र दोन-तीन दिवसांवर आली होती. पावणेसहाला बाहेर पडलो. पूर्वेला माडांच्या वर चंद्राची बारीक कोर होती, नखाएवढी. मोरजाईच्या देवळावरून पुढे गेले की एका बाजूला डोंगराचा उतार आणि दुसऱ्या बाजूला वायंगणाची शेते लागतात. निम्म्या शेतांत आता भात नसते, मिरची आणि अळसांदे असतात. काही तर नुसतीच पडीक आहेत, बांधावर कुणाच्या तरी नव्या भिंतीचे जांभे दगड येऊन पडलेले. त्या पहाटे अळसांद्यावर दंव होते, पण मिरचीवर नव्हते. आठवड्यापूर्वी दोन्हींवर होते. मिरची जरा उंचावर, वाऱ्याच्या वाटेत. तिथून ते आधी उठले असावे. थंडी अशी जाते. एकदम जात नाही. घरातले सामान हलवावे तशी एकेका शेतातून उठते.

दुसरी खूण सुरंगीची. वाटेवर एका जुन्या घरामागे सुरंगीचे झाड आहे. इतर फुले फांदीच्या टोकाला येतात. ही थेट जुन्या फांदीला, सालीला चिकटून येते, लाकडालाच पुरळ उठावे तशी. पहाटे कळ्या काढायच्या, त्या उमलायच्या आत. म्हणून झाडाखाली जुने लुगडे अंथरून एक म्हातारी बाई उभी होती आणि वर तिचा नातू. “हेडमास्तर आज वाट चुकले की काय?” तिने विचारले. मी म्हटले, “नाही हो आजी, डॉक्टरांनी पाठवले.” ती म्हणाली, “मग रोज या. डॉक्टरांपेक्षा हे स्वस्त.” आणि चार कळ्या माझ्या हातात ठेवल्या. त्या मी सदऱ्याच्या खिशात टाकल्या. मधमाश्या अजून उठल्या नव्हत्या. उजाडले की त्या झाडाचा असा काही घोंघाट सुरू होतो की शेजारी उभे राहून बोलता येत नाही.

तेंबवाड्याकडची वाट मी भरभर संपवतो. तिथे पाहण्यासारखे आहे ते बहुतेक विकायला आहे. रशियन लिपीतल्या पाट्या, प्लास्टिकच्या खुर्च्यांचे मनोरे, रात्रीच्या गाण्यांचे झोपलेले कर्णे. मला त्यांचा राग नाही. माझ्या शाळेतल्या अर्ध्या मुलांची फी त्या खुर्च्यांतून येते. पण पहाटे साडेसहाला तिथे थांबण्याजोगे काही नसते. सुरूची झाडे ओलांडली, रावणाच्या मिशांचे काटेरी गोळे चुकवले, मर्यादावेलीच्या जांभळ्या फुलांवरून जपून उतरलो की वाळू.

ओहोटी होती. पाणी दूर गेले होते आणि नुकतेच परत फिरायच्या बेतात होते. ओल्या वाळूवर पहिल्यांदा मला वाटले की कुणी मोहरीचे पोते सांडले आहे. खाली वाकलो. वाळूच्या गोळ्या, हजारोंनी, मोहरीपासून वाटाण्याएवढ्या. मधोमध एक बारीक भोक आणि त्याच्याभोवती गोळ्यांच्या ओळी, सूर्याच्या किरणांसारख्या निघालेल्या. एकेका ओळीच्या शेजारी तेवढीच एक सरळ वाट झाडून ठेवलेली. गुडघे टेकून, श्वास रोखून थांबलो, तेव्हा मालक बाहेर आला. करंगळीच्या नखाएवढा. तो दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात भरतो, तिच्यातले खाण्याजोगे काढून घेतो, उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतो आणि पुढे सरकतो. ती झाडलेली वाट म्हणजे त्याची पळायची वाट. सावली पडली की त्याच वाटेने सरळ भोकात. हे काम तो फक्त ओहोटीत करतो. भरती आली की ओळी, वाटा, गोळ्या, सगळे सपाट. पुन्हा ओहोटी, पुन्हा पहिल्या गोळीपासून. शाळा चालवणाऱ्या माणसाला हे पाहून काय वाटले असेल याची वाचकांनी कल्पना करावी.

आणि तिथे, गुडघ्यांवर, तोंड जवळजवळ वाळूला लागलेले असताना, मला वास आला.

आधी वाटले खिशातल्या सुरंगीचा. खिसा हुंगला. सुरंगीचा वास जड, गोड. हा तसा नव्हता. हा जरा तुरट, जरा मधासारखा, ऊन नसताही उन्हाचा वाटणारा. पाठीमागून, जमिनीकडून येत होता. मी उभा राहिलो, पूर्वेकडे तोंड केले. काजूचा मोहोर. समुद्राच्या काठावर, ओल्या वाळूत, मासळीच्या आणि शेवाळाच्या वासावर चढून, डोंगरावरच्या काजूचा मोहोर.

त्यात नवल काही नव्हते. सातवीच्या भूगोलात ते आहे. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र ऊब धरून राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई वारा. दिवसा उलट, तो खारा वारा. भूगोलाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या तेव्हा त्यांचे तास मीच घेतले होते. फळ्यावर समुद्र काढला, डोंगर काढला, निळ्या आणि पिवळ्या खडूने बाण काढले. डोंगरावर झाडे काढली ती, मला वाटते, काजूचीच असावीत. बाण बरोबर त्यांच्यावरून समुद्राकडे नेला होता. आणि तरीही मी गुडघ्यांना वाळू लागलेला तिथे उभा होतो आणि माझ्या अंगावर काटा आला होता. कारण तो वास मला कुणीतरी एकदा सांगितला होता, आणि मी तो खोडला होता.

हे सांगायचे म्हणजे २००५ सालात जावे लागते. मी तेव्हा साधा शिक्षक होतो, नववीला मराठी शिकवीत होतो. वार्षिक परीक्षेत निबंध घातला होता ‘हिवाळ्यातील एक सकाळ’. हा विषय दर तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्याचे उत्तर महाराष्ट्रापासून गोव्यापर्यंत एकच असते. गुलाबी थंडी. धुक्याची दुलई. शेकोटीभोवती बसलेले आजोबा. ज्या गावात कुणी कधी शेकोटी पेटवली नाही त्या गावच्या चाळीस मुलांनी शेकोटी पेटवली, आणि शुद्धलेखन बरे असेल तर मी दहापैकी सात गुण दिले. मीही एम.ए.ला दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ वाचले होते. माघ-फाल्गुनावर वर्गात तासभर बोलू शकेन इतके वाचले होते. पण हातात लाल पेन आले की माणूस वेगळा होतो.

एका मुलाने शेकोटी पेटवली नव्हती. बापाबरोबर पहाटे रापण ओढायला जात असे, त्याचे त्याने दीड पान लिहिले होते. दोराने हात सोलतात ते. वरची वाळू गार असते पण पाय आत खुपसला तर ऊब लागते, ते. कुर्ल्या वाळूच्या गोळ्या करून ओळीने मांडतात, ते. आणि शेवटी एक वाक्य, की पहाटे दर्यावर वाऱ्याला काजूचा वास येतो आणि दिवस वर आल्यावर जातो.

शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. ‘कुर्ली’ शब्दाखाली मी रेघ मारली आणि वर ‘खेकडा’ लिहिले. वास्तविक हा शब्द कोकणात अर्ध्या किनाऱ्यावर चालतो. ‘दर्यावर’ खोडून ‘समुद्रकिनारी’ केले. आणि त्या शेवटच्या वाक्याशी समासात लिहिले: ‘समुद्रावर काजूचा वास येत नाही. निरीक्षण करून लिहावे.’ दहापैकी तीन.

निरीक्षण करून लिहावे! तोवर अकरा वर्षे मी त्या समुद्रावर जात होतो, रोज संध्याकाळी. संध्याकाळी खारा वारा असतो. तो डोंगराचा वास समुद्रावर आणत नाही, समुद्राचा डोंगरावर नेतो. मुलगा मराठीत चार गुणांनी गेला. गणितातही गेला होता, ते खरे. पण गणितवाल्यांनी ओढून पास केले असते, तशी पद्धत होती, आणि मराठीचा शिक्षक मी होतो. जूनमध्ये तो शाळेत आला नाही. पुढेही आला नाही. मी चौकशी केली का? एकदा केली असावी. मुले गळतात, नवी येतात.

आमच्या भागात मुलांवर एक वेगळेच ओझे असते, ते वाचकांना मी सांगायला नको. घरात बोलायचे कोकणीत. देवळातले भजन, कीर्तन, दशावतार, वर्तमानपत्र, लग्नपत्रिका मराठीत. हायस्कुलात विज्ञान आणि गणित इंग्रजीत. एकाच प्राण्याला घरी कुर्ली म्हणायचे, मराठीच्या पेपरात खेकडा आणि विज्ञानात क्रॅब. भांडतो एका भाषेत आणि हात जोडतो दुसऱ्या भाषेत, अशी आम्ही माणसे. त्यातली कुठली कुणाची, या वादात मी इथे शिरत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आधीपासून त्यावर पुरेसा कागद खर्च झाला आहे. मला एवढेच दिसते की तिन्ही शब्द येणाऱ्या मुलाला आम्ही हुशार म्हणतो, आणि तो प्राणी रोज पाहणाऱ्याला नापास करतो.

हे सगळे मनात घोळवत मी नदीच्या मुखाकडे चालत राहिलो. चालण्याचा वेग डॉक्टरांना आवडला नसता. शापोरा जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूचा एक लांब दांडा पुढे गेला आहे, आणि पलीकडच्या टेकडीवर शापोराचा किल्ला. दांड्यावर कुरव बसले होते, शेकड्यांनी, सगळे वाऱ्याकडे म्हणजे जमिनीकडे तोंड करून. हे पाहुणे. काही लडाख-तिबेटच्या तळ्यांवरचे, काही आणखी उत्तरेचे. आले तेव्हा त्यांची डोकी पांढरी होती आणि कानाशी एक काळसर ठिपका, शाईचे बोट लागल्यासारखा. आता पाहिले तर दहातल्या दोन-तिघांच्या डोक्यांवर तपकिरी रंग चढू लागला होता. कुणाची टोपी निम्मी, कुणाची कपाळापुरती, एकाची नुसतीच कानापासून गळ्यापर्यंत. डोके पुरते तपकिरी झाले की ते निघतात. इथली थंडी संपत आल्याची बातमी त्यांना तिथल्या बर्फाआधी आपल्या पिसांत कळते. स्वेटर घेऊन येणाऱ्या पाहुण्यांपेक्षा हे बरे. जायची तयारी उघड करतात.

दांड्यावरून मागे वळलो तर वरच्या कोरड्या वाळूत जाळीचे कुंपण आणि त्याच्या बाजूला एक माणूस बसलेला. मला पाहून तो उठला, हात केला. “सर, पांय सांबाळून दवरात,” तो ओरडला. मी थबकलो. पुढच्या पावलाखाली वाळूत एक पट्टा होता, हातभर रुंद किंवा थोडा अधिक, ट्रॅक्टरचे चाक गेल्यासारखा.

तो तोच होता. गावात मी त्याला अधूनमधून पाहत असे, मोटारसायकलवरून जाताना मान हलवीत असे. हंगामात कासवांच्या राखणीला असतो, एवढे ऐकले होते. आता पस्तिशीचा, कानाशी दोन पांढरे केस. “कांसव आयलां, सर, राती,” तो म्हणाला, आणि मग मला शाळेत घेऊन जावे तसा त्या पट्ट्याच्या कडेने घेऊन गेला.

मी त्याला म्हटले, एक पट्टा इथून वर गेलेला दिसतो आणि एक तिकडून खाली; यातला चढता कुठला आणि उतरता कुठला? त्याने मलाच विचारले, “तुमकां कितें दिसता?” मी पाहिले. मला दोन पट्टे दिसत होते. सांगता काही येईना. मग त्याने दाखवले. कासव पुढच्या वल्ह्यांनी वाळू मागे ढकलते. तेव्हा वाळूचे छोटे ढीग ज्या बाजूला, ती त्याची पाठ. हे कासव वल्ही एकाआड एक टाकते, म्हणून खुणा समोरासमोर नाहीत, आलटून-पालटून आहेत. आणि उतरता पट्टा चढत्यापेक्षा लांब आहे, पंधरा-वीस पावलांनी. म्हणजे ती आली तेव्हा पाणी वर होते, गेली तेव्हा ओसरले होते. काल भरती अकराच्या सुमारास पुरी झाली. तेव्हा ती आली मध्यरात्रीच्या आसपास, आणि वर तासभर होती. एवढे सगळे त्या वाळूत लिहिलेले होते.

अंडी एकशे बारा निघाली होती. मोजून, जपून कुंपणात हलवली होती. पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, कमी तापली तर नर अधिक. “म्हूण हात घालून पळयतां हांव,” तो म्हणाला. म्हणून मी हात घालून पाहतो. त्याने कुंपणाबाहेरच्या वाळूत मनगटापर्यंत हात खुपसला आणि मलाही सांगितले. वर गार होते. आत ऊब होती.

या अंड्यांशी माझाही एक जुना हिशेब आहे, तो इथेच सांगून टाकतो. मोरजीतल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो त्या घरी एका सकाळी ताटात उकडलेली अंडी आली. पिंगपाँगच्या चेंडूसारखी गोल. कवच कडक नव्हे, चामड्यासारखे. बोटाने दाबले की खळगा पडे. उकडूनही आतले पांढरे घट्ट झालेले नव्हते, पळीवाढे राहिले होते. घरमालकीण म्हणाली, मास्तरांसाठी मुद्दाम ठेवलीत, कासवाची आहेत, अंगाला चांगली. मी दोन खाल्ली. १९७२ चा वन्यजीव कायदा होता, पण तो त्या चुलीपर्यंत आला नव्हता, आणि माझ्यासारख्या शिकलेल्यालाही त्याची आठवण झाली नाही. पुढे त्याच दशकाच्या अखेरीस गावातल्याच लोकांनी वनखात्याबरोबर राखण सुरू केली. अंडी काढण्यात ज्यांचा हात बसला होता त्यांनाच ती कुठे असतात ते अचूक कळत होते. काठी टोचून पाहायची ती विद्या आता उलट्या कामी आली. मी हे त्याला सांगितले. तो हसला. म्हणाला, आमच्याकडे तर टोपलीने येत.

एवढे बोलणे झाल्यावर मला दुसरेही बोलायला धीर आला. “तुला आठवते का रे,” मी विचारले, “नववीत तू एक निबंध लिहिला होतास, हिवाळ्यातल्या सकाळीचा?” काजूच्या वासाचे अगदी तोंडापर्यंत आले होते, पण ते मी काढले नाही.

तो जाळीची गाठ घट्ट करीत होता. “ना, सर,” तो म्हणाला. “याद ना.” मग थोड्या वेळाने, गाठीकडेच पाहत, मराठीत म्हणाला, “शाळा सुटली ती बाबांच्या हातामुळे, सर. दोरात सापडून बोटे गेली ना. रापणीला माणूस पाहिजे होता.” माझ्याशी तो एरवी मराठीत बोलत नसे, शाळेतल्यासारखे, प्रत्येक शब्द निवडून तो बोलला. हे खरे होते, की समोरच्या मास्तराचे मन राखणे होते, हे मला तेव्हा ठरवता आले नाही. बापाची बोटे गेलेली आहेत, ते गावात सर्वांना माहीत आहे. कुठल्या साली गेली, ते मी कुणाला विचारले नाही. विचारणार नाही.

मग त्याने एक फळी पुढे केली. कुंपणाला लावायची पाटी. निळ्या रंगाने नुकतेच लिहिलेले, रंग ओलाच होता: ‘कांसवाचे घरटे. अंडी ११२. कोणी हात लाऊ नये.’ खाली तारीख. “सर, ऱ्हस्व-दीर्घ पळयात मरे,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही होते का, हे मी पुष्कळ दिवस आठवून पाहिले. नसावे. गावात जो तो मला लग्नपत्रिका दाखवतो, तसेच ते असावे.

मी ब्रश घेतला. ‘लाऊ’चे ‘लावू’ केले. ती चूक होती आणि मी मराठीचा शिक्षक आहे. ‘कांसवा’वरच्या टिंबापाशी ब्रश क्षणभर थांबला, पण मग तसाच डब्यात ठेवला.

आम्ही दोघांनी मिळून पाटी तारेने बांधली. एव्हाना ऊन माडांच्या शेंड्यांवरून खाली उतरत वाळूपर्यंत आले होते. दांड्यावरचे कुरव एकेक करून उठत होते आणि बसताना आता इकडेतिकडे तोंडे करून बसत होते. भरतीचे पाणी गोळ्यांच्या पहिल्या ओळीपर्यंत पोहोचले होते. खिशातल्या कळ्या उमलल्या होत्या. मी त्या त्याच्या मुलीसाठी दिल्या. ती पुढच्या वर्षी पाचवीत आमच्याकडे येणार आहे.

निघालो तेव्हा तो काही पावले सोबत आला. सुरूपाशी थांबून त्याने डोंगराकडे पाहिले.

“वारो पडलो,” तो म्हणाला. “आतां काजूचो वास येवचो ना, सर.”